फल्लीदाण्याचं दूध

मनकर्णा ही माझ्या बाबांची पहिली बायको. मी तिला मोठी माय म्हणत असे. मला जन्म दिला सिंधूने, बाबांच्या दुसऱ्या बायकोने. पण मी जगले ती मोठ्या मायच्या हातून. आमच्या घरात हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि म्हणूनच त्याबद्दल कोणी बोलत नसे. तिच्याबद्दल मला जे माहीत आहे त्यातलं थोडं मी पाहिलेलं आहे, बाकीचं शेजारच्या जिजाबाईने सांगितलेलं आहे.

नागपुरात सक्करदऱ्याचा तलाव ओलांडून उमरेड रोडने थोडं पुढे गेलं की तेव्हा शेतंच लागत. तिथे आमचं कौलारू घर होतं. मागे म्हशींचा गोठा, कडब्याची गंजी आणि भोवती काट्यांचं कुंपण. बाबा, म्हणजे रुपराव, सकाळच्या धारा काढून सायकलला दोन्ही बाजूंनी दुधाच्या कॅन अडकवत आणि शहरातल्या महाल भागातल्या गल्ल्यांमध्ये घरोघरी दूध घालून उन्हं चढेपर्यंत परत येत. घरावर आणि गोठ्यावर राज्य होतं आजीचं, रुखमाबाईचं. कोणत्या म्हशीला किती ढेप, म्हणजे सरकीची पेंड, कोणत्या घरी दूध आधी, कोणत्या घरी नंतर, सगळं तीच ठरवायची.

मोठी माय उमरेडची. लग्न होऊन आली तेव्हा दुधाच्या घरात पडली म्हणून तिच्या माहेरच्यांना केवढा आनंद झाला होता. तिला स्वतःलाही. भाकरीवर साय पसरून त्यावर गूळ किसून खायची, आणि आजी कौतुकाने ओरडायची, "माझ्या म्हशी तुलेच पुरत नाहीत वं!"

त्रेसष्ट सालच्या हिवाळ्यात तिला मुलगा झाला. तो पालथा पडायला शिकला आणि तापाने गेला. बाळ गेलं तरी आईचं दूध थांबत नाही. तिची चोळी भिजून जायची. आजीने तिच्या छातीला फडकं घट्ट आवळून बांधलं आणि म्हणाली, "चार रोजात आटून जाईल." ते आटायच्या आतच गोठ्यातली एक म्हैस व्याली आणि तिचं रेडकू मेलं.

म्हशीने पान्हा चोरला. बाबा आचळांना हात लावायचे तर ती लाथ झाडायची आणि हंबरायची. दुधाच्या धंद्यात यावर एक उपाय असतो. मेलेल्या रेडकाचं कातडं सोलून आणलं गेलं, त्यात पेंढा भरून ते शिवलं, चार काटक्यांवर उभं केलं. आजीने त्यावर मिठाचं पाणी शिंपडलं. बाबांनी ते म्हशीच्या तोंडापुढे धरलं. म्हशीने हुंगलं, थोडी थांबली, मग चाटायला लागली. चाटता चाटता तिने पान्हा सोडला. बादलीत धार वाजायला लागली तेव्हा मोठी माय कडब्याची पेंढी उचलून दारात उभी होती. तिच्या छातीवरचं फडकं त्याच घटकेला ओलं झालं. ती पेंढी तिथेच टाकून गंजीमागे जाऊन बसली.

त्या दिवसापासून तिने दूध, दही, ताक, तूप कशालाच तोंड लावलं नाही. कोणाला काही म्हणाली नाही. संध्याकाळचा चहा समोर आला तो बाजूला ठेवला. आजीला वाटलं, दुःख आहे, चार दिवसांनी जाईल. ते गेलं नाही. ती गोठ्यातलं शेण काढायची, म्हशींना तलावावर धुऊन आणायची, ढेप भिजवायची. फक्त जेवताना कोरडी भाकर आणि ठेचा.

बाबांनी एकदा तिला विचारलं, "दूध पीत नाहीस. मग ही जवारी कोनत्या पैशाची खातेस? दुधाच्याच ना?"

"व्हय, खातो," ती म्हणाली. "माझ्यानं एवढंच टळते. म्हनून एवढंच टाळतो."

बाबांनी पुन्हा हा प्रश्न विचारला नाही, पण आजी रोज विचारायची, निरनिराळ्या शब्दांत. तिची भीती वेगळीच होती. महालातल्या एका गिऱ्हाइकाने बाबांना हसत हसत म्हटलं होतं, "तुमच्या दुधात असं काय आहे हो, की तुमची बायकोच ते पीत नाही?" ते ऐकल्यापासून आजी पेटली होती.

कुंपणापलीकडे जिजाबाईचं घर होतं. नवरा लवकर गेलेला. तलावाच्या रस्त्यावर टोपलीत फुटाणे आणि भाजलेले फल्लीदाणे घेऊन बसायची. शेंगदाण्यांना आमच्याकडे फल्लीदाणेच म्हणतात. छप्पन साली तिच्या घरच्यांनी बौद्ध धर्माची दीक्षा घेतली होती. आजी तिला कुंपणाच्या आत येऊ देत नसे, पण कुंपण काट्यांचं होतं, त्यातून बोलता येत होतं.

"काहून वं मनकर्णा, वाळून चालली तू," जिजाबाई एक दिवस म्हणाली.

"कोरडी भाकर उतरत नाही बाई."

"दुधाच्या घरात कोरडी भाकर?"

तेव्हा मोठ्या मायने तिला सांगितलं. आयुष्यात तिने हे एकाच माणसाला सांगितलं. जिजाबाईने तिला समजावलं नाही, उपदेश केला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी तिने काट्यांवरून एक गडू पुढे केला.

"कढी आहे. घाबरू नको, दुधाची नाही. आमच्या घरी ताक कुठलं येते? माझी माय फल्लीदाने वाटून त्यात चिंचेचा कोळ टाकून कढी करे. पाहुना आला तरी हेच."

मोठी माय कुंपणापाशी उभ्या उभ्याच प्यायली. घट्ट, आंबट, वरून लसणाची करपायला आलेली फोडणी. गडू रिकामा करून तिने जिजाबाईकडे पाहिलं आणि विचारलं, "आनखी आहे का वं?" जिजाबाई मला म्हणायची, "पोरगं गेल्यापासून तिनं खायाले मांगितलेलं मी पहिल्यांदा आयकलं."

तिथून तिचं सुरू झालं. ती काही जोगीण झाली नव्हती. खाण्याची हौस तिला पहिल्यापासून होती आणि ती तिने सोडली नाही. फल्लीदाणे रात्रभर भिजवायचे, सकाळी चोळून लाल सालं काढायची, मग पाट्यावर पाण्याचा हबका मारत लोण्यासारखे होईपर्यंत वाटायचे, पातळ धोतराच्या फडक्यातून पिळायचे. जे निघे ते खरंच दुधासारखं पांढरंशुभ्र असे. ते मंद आचेवर उकळून कच्चा वास घालवला की झालं. त्याचं दही लावायचं कसं, हा प्रश्न तिला बरेच दिवस पडला होता. ताकाचं विरजण तर चालणार नव्हतं. मग तिला आठवलं, उमरेडला विरजण संपलं की तिची आई दुधात हिरव्या मिरचीची देठं टाकायची. तिने तीच देठं कोमट फल्लीच्या दुधात टाकून मडकं चुलीजवळ ठेवलं. सकाळी पाहते तो घट्ट दही. ते मडकं घेऊन ती कुंपणाकडे धावली आणि दोघींनी तिथेच बोटाने चाटून पाहिलं.

"मिरचीचा वास येते का वं?"

"येते थोडासा. पन चांगला येते."

आजीने पहिलं मडकं उकिरड्यावर ओतलं. दुसरंही ओतलं. "गोठ्यात म्हशी बांधल्या अन् घरात फल्लीचं पानी! आमच्या धंद्यावर थुकतेस का?" मोठी माय तिसरं लावायची. पुढे आजी थकली आणि चुलीचा एक कोपरा तिला सोडून दिला. त्या कोपऱ्याला आजी "तुझा दवाखाना" म्हणायची.

मूल मात्र पुन्हा राहिलं नाही. दोन-तीन वर्षं गेल्यावर आजीने गावभर सांगायला सुरुवात केली की, जी बाई दुधाला शिवत नाही तिची कूस भरेल कशी. कायद्याने दुसरी बायको करायला बंदी होती, पण आमच्या वस्तीत येऊन कायदा कोण विचारणार? कन्हानची सिंधू घरात आली. ती एकोणीस वर्षांची होती, आणि रडत आली होती. दारात तिच्यावरून भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला तो मोठ्या मायनेच. सिंधू तिला "बाई" म्हणायला लागली. दोघींचं भांडण झालेलं कोणी ऐकलं नाही. मैत्रीही झाली नाही. एकीने गोठा सांभाळला, दुसरीने चूल.

मग मी झाले. जयवंता नाव आजीने ठेवलं. मुलगी झाली म्हणून तिचं तोंड उतरलं होतं, तरी मला पायांवर घेऊन न्हाऊ तीच घालायची.

मी दीड वर्षाची असताना पावसाळ्यात मला हगवण लागली. वस्तीतली दोन लेकरं त्या साथीत गेली होती. दवाखान्यातून मला घरी आणलं तेव्हा हगवण आटोक्यात होती, पण दूध पोटात गेलं की पुन्हा सुरू. पोट फुगायचं, मी कळवळून रडायची. डॉक्टरांनी सांगितलं होतं की, आतडं नाजूक झालं आहे, काही महिने दूध बंद ठेवा, पेज द्या, डाळीचं पाणी द्या. आजीला ते पटलं नाही.

"दूधवाल्याची नात पेज पिऊन वाढन? अशानं तर मरून जाईल."

ती लपून वाटीभर दूध पाजायची. माझी आई सिंधू घाबरून गप्प बसायची, कारण आजीपुढे बोलायची तिची हिंमत नव्हती. मी वाळत गेले. मान धरेना. आई सांगायची, त्या दिवसांत माझे डोळे तेवढे मोठे दिसायचे, बाकी हाडं.

एक दिवस आजी दुधाची वाटी घेऊन बसली होती आणि मी तोंड फिरवत होते. मोठी माय गोठ्यातून आली. शेणाचे हात तिने धुतले, पदराला पुसले, आणि सिंधूसमोर येऊन उभी राहिली.

"पोट्टी मले दे."

सिंधूने आजीकडे पाहिलं.

"तिकडं नको पाहू. माझ्याकडं पाहा. माझं एक गेलं. हे पन जाऊन राहिलं. दे मले."

सिंधूने मला तिच्या ओटीत दिलं. आजी ओरडत होती, बाबा दारात उभे होते. बाबा म्हणाले, "माय, आता राहू दे." त्यांनी आजीला विरोध केलेला तो बहुधा पहिलाच.

आधी बरेच दिवस नुसती तांदळाची पेज. मग त्यात चमचाभर पातळ फल्लीचं दूध. मग दोन चमचे. ती माझं पोट हाताने चाचपून बघायची, मग पुढचा चमचा. दिवाळीपर्यंत मी उठून बसायला लागले. संक्रांतीला आई मला कडेवर घेऊन जिजाबाईला दाखवायला गेली, तेव्हा मी तिच्या टोपलीतले फुटाणे मुठीने उचलले म्हणतात.

यापुढचं मला स्वतःला आठवतं. पाट्याचा घसघस आवाज. भिजलेल्या दाण्यांची सालं पाण्यावर तरंगायची, ती मी ओंजळीने गोळा करायची. हिवाळ्यात ती तीळ भाजून त्याचं दूध काढायची, गूळ घालून गरम गरम. चारोळ्या मिळाल्या की त्या वाटून खीर. उन्हाळ्यात फल्लीच्या दह्याचा मठ्ठा, त्यात कोथिंबीर, हिरवी मिरची, मीठ. आणि गोळ्याची कढी! चणाडाळीचे गोळे कढीत सोडताना ती एक गोळा हळूच माझ्या हातावर ठेवायची. ती माझ्याबरोबर जेवायची आणि जेवताना डोळे मिटायची. "कशी झाली वं जयू?" मी मान हलवायची. ती स्वतःच म्हणायची, "लय मस्त झाली." खाताना एवढं सुख झालेलं माणूस मी नंतर पाहिलं नाही.

एका मे महिन्यात बाबा महालातून परत आले ते उन्हाने लालबुंद होऊन. सायकल भिंतीला टेकवली आणि ओसरीवरच्या मडक्यातून दोन पेले मठ्ठा घटाघटा प्यायले. आजी आतून धावली.

"अरे, ते तिचं होतं! फल्लीचं!"

बाबांनी पेल्यात पाहिलं. मग मडक्यात पाहिलं. मोठी माय दाराआड उभी होती.

"थंड होता," बाबा म्हणाले. आणि तिसरा पेला भरून घेतला.

मोठी माय तोंडाला पदर लावून हसत आत पळाली. तिला हसताना मी पाहिलं ते त्याच एका दिवशी.

मी तिला आधी "मोठी माय" म्हणायची, मग नुसती "माय" म्हणायला लागले. सिंधूला सगळे सिंधू म्हणत, म्हणून मीही "सिंधू" म्हणायची. लहान होते, मला त्यात काही वाटत नव्हतं. माझ्या आईला काय वाटत असेल हे मला पुष्कळ वर्षांनी, स्वतःची मुलगी झाल्यावर कळलं.

मी पाच वर्षांची असताना आई मला घेऊन कन्हानला तिच्या भावाच्या लग्नाला गेली. पंगतीत बासुंदी होती. मी वाटी सरकवली. मामीने कौतुकाने घास पुढे केला तर मी रडायला लागले, "मले मायच्या हातचं पायजे. मायकडे ने." आई मला जवळ घ्यायला आली तर मी तिला ढकललं आणि म्हणाले, "तू नको, सिंधू." पंगतीतल्या बायका हसल्या. एक म्हातारी मोठ्याने म्हणाली, "काहून वं सिंधू, तुझी पोट्टी तुले नावानं हाका मारते? मंग माय कोन हिची?"

आई घरी आली, चपला काढल्या नाहीत, तशीच चुलीच्या त्या कोपऱ्यात गेली आणि दह्याचं मडकं उचलून अंगणात आपटलं.

"माझं लेकरू फिरवून घेतलं तुमी बाई! हे पाजून पाजून फिरवून घेतलं! तुमचं गेलं म्हनून माझं घेता का?"

अंगणभर खापऱ्या आणि पांढरं दही. मी भिंतीला चिकटून उभी होते. मोठी माय खाली बसली. खापऱ्या एकेक उचलून पदरात घेतल्या, जागा शेणाने सारवली. मग उठून आईजवळ गेली. आई तोवर खांबाला टेकून हुंदके देत होती.

"खरं बोलली तू," मोठी माय म्हणाली. "मले समजाले पायजे होतं."

त्यानंतर काही दिवस ती रोज सकाळी आईला पाट्यापाशी बसवायची. "वाट. आनखी बारीक. हाताले दाना लागला नाही पायजे." फडकं आईच्या हातात द्यायची, वरून स्वतःचे हात ठेवून पिळून दाखवायची. आई रागाने शिकत होती, नाइलाजाने शिकत होती. मला काही कळत नव्हतं. मी दोघींच्या मध्ये बसून सालं गोळा करत होते.

मग एका सकाळी मोठी माय नव्हती. बाबांबरोबर एसटी स्टँडवर गेली होती, उमरेडच्या गाडीने भावाकडे. जाताना मी झोपेत होते, की तिने मला मुद्दामच उठवलं नाही, मला माहीत नाही. मी दिवसभर कुंपणापाशी बसून होते. जिजाबाईने फुटाणे दिले, ते मी फेकून दिले.

आईने दही लावलं, ते लागलं नाही. दुसऱ्या दिवशी लागलं, पण सालं राहिल्यामुळे कडवट झालं. मी खाल्लं नाही. आई मडक्यापुढे बसून रडली. काही आठवड्यांनी आजीने मला दूध दिलं, साखर घालून. मी प्यायले. पोटाला काही झालं नाही. दुखणं केव्हाच बरं झालं होतं. आजीने ओसरीवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगितलं, "पाहा, पेली! सगळी नाटकं होती." आणि मी सिंधूला आई म्हणायला लागले. मोठ्या मायला जे हवं होतं ते झालं.

बाबा तिला आणायला एकदा उमरेडला गेले होते. ती आली नाही. "जयूले एकच माय असू द्या," म्हणाली. तिचा भाऊ चंपतराव तिथल्या कोळशाच्या खाणीत कामाला होता. खाणीवर बाहेरगावची एकटी माणसं पुष्कळ होती. ती आधी भावाच्या दोन सोबत्यांचा डबा करायला लागली, मग पाचांचा, मग घराच्या पडवीतच खानावळ झाली. ताट वाढताना ती कढी कशाची हे सांगायची नाही, आणि काळ्या धुळीने घसा भरलेली ती माणसं विचारायची नाहीत. वाटी पुढे करायची फक्त. चंपतमामा सांगायचा, एक बिहारी माणूस सुट्टीला गावी गेला आणि बायकोने केलेली दह्याची कढी खाऊन म्हणाला की, उमरेडच्या बाईसारखी नाही झाली. हे ऐकून ती खूप हसली होती म्हणे. मी तिथे नव्हते. तिचं हसणं आता दुसऱ्यांना मिळत होतं.

दिवाळीत बाबा उमरेडला जात. कधी मला नेत. ती मला वाटीभर खीर द्यायची आणि मी खाताना माझ्याकडे बघत बसायची, पण जवळ ओढून घ्यायची नाही. "माय बरी आहे का तुही?" विचारायची. मी मोठी होत होते, शाळेच्या मैत्रिणी होत्या, उमरेडला करमत नसे. संध्याकाळच्या गाडीची वाट बघायचे.

चौऱ्याऐंशी साली तिच्या पोटात गाठ निघाली. चंपतमामाने तिला नागपूरच्या सरकारी दवाखान्यात आणलं, तेव्हा डॉक्टर म्हणाले की उशीर झाला, आता शक्ती राहील तेवढं बघा. वॉर्डात रोज सकाळी रोग्यांना दूध-ब्रेड मिळायचा. ती ब्रेड कोरडा खायची आणि दूध शेजारणीला द्यायची. नर्स रागवायची. मामा हात जोडायचा, "अक्का, आता तरी. औषध समजून पे." ती मान हलवायची. पुढे ब्रेडही उतरेना.

आम्ही तिघं भेटायला गेलो. खाटेवर एवढंसं शरीर. आई तिच्या पायाशी बसली आणि काहीतरी बोलायला गेली, तर मोठ्या मायने बोटांनीच नको म्हटलं. बाबा उभेच होते. त्यांनी मेजावरचा न प्यायलेला दुधाचा पेला पाहिला, बराच वेळ पाहिला, आणि आम्हाला न सांगता निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तर ओसरीवर पाट्याचा आवाज. बाबा मांडी घालून बसले होते आणि फल्लीदाणे वाटत होते. त्या दिवशी महालातल्या कोणाच्याच घरी दूध गेलं नाही. या माणसाने जन्मात कधी चहासुद्धा केला नव्हता. वरवंटा हातातून निसटत होता, दाणे पाट्याखाली उडत होते. आई मदतीला वाकली, तर ते म्हणाले, "राहू दे. मीच करतो." आजी तेव्हा म्हातारी झाली होती, डोळ्यांनी कमी दिसायचं. कोपऱ्यातून म्हणाली, "कोन वाटून राहिलं?" बाबा वाटत राहिले.

दुधाच्या कॅनमध्ये नको म्हणून त्यांनी जिजाबाईकडून एक बरणी मागून आणली. त्यात भरून दवाखान्यात नेलं. मोठ्या मायचं डोकं हातावर घेऊन चमच्याने पाजलं. तिने पहिला चमचा तोंडात धरला, जिभेने घोळवला, गिळला. मग डोळे उघडून बाबांकडे पाहिलं.

"बारीक नाही वाटलं तुमी," ती म्हणाली. आवाज अगदी हळू. "कनी लागते."

"उद्या बारीक वाटतो."

"कोनी शिकवलं?"

"कोनी नाही. तुले वाटताना पाहत होतो ना."

तिने चार-पाच चमचे घेतले, मग तोंड मिटलं. बाबा रोज वाटून नेत राहिले आणि रोज दाणा थोडा अधिक बारीक होत गेला. ती मात्र रोज कमी घेऊ लागली. शेवटी शेवटी ते ओठांवरून ओघळून जायचं आणि आई पदराने टिपायची. दसऱ्याच्या आधी ती गेली.

चंपतमामाने तिला उमरेडला नेलं. तिरडीला खांदा द्यायला खाणीवरची माणसं आली होती, ज्यांची नावं आमच्यापैकी कोणाला ठाऊक नव्हती. राख कन्हान नदीत सोडली. बाबांनी स्वतः सोडली, मामाला दिली नाही.

कन्हानहून परत येताना एसटीत मी बाबांशेजारी बसले होते. बाबा कधी बोलणारे नव्हते. पुलावरून गाडी गेली, मग वस्ती संपली, मग त्यांनी विचारलं, "तुले आठवते का वं ती? घरात होती तवाची?"

"आठवते," मी म्हणाले.

"काय आठवते?"

मी सांगायला लागले, पाट्याचा आवाज, तिळाचं दूध, कढीतला गोळा. ते ऐकत होते, मधे मधे मान हलवत होते. मग त्यांनी तोंड खिडकीकडे फिरवलं. मी बोलत राहिले. थोड्याच अंतरावरची कामठी येईपर्यंत माझ्याजवळचं सगळं सांगून झालं होतं, आणि सांगायला आणखी काही उरलं नव्हतं.